कृपया वाट देऊ नये

११ जानेवारी

प्रकल्पाच्या मॅडमनी लॅबच्या वहीतला माझा एक शब्द खोडला. मी लिहिलं होतं, 'रोबोट हट्टाने भिंतीकडे वळतो.' त्यांनी 'हट्टाने'वर रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'किती अंश?' बरोबरच आहे त्यांचं. पण हट्ट मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि पाहिलेलं कुठेतरी लिहायला हवं. म्हणून ही वेगळी वही. ही कोणी तपासणार नाही.

रोबोट म्हणजे गुडघ्याएवढं काळं खोकं. खाली चाकं, वर गरगर फिरणारा लेझर. लेझरचा किरण आजूबाजूच्या वस्तूंवर आपटून परत येतो, त्यावरून त्याला कळतं की भिंत कुठे, खांब कुठे, माणूस कुठे. मग तो स्वतःच नकाशा काढतो आणि स्वतःच रस्ता शोधतो. निदान शोधायला हवा. आमच्या मजल्याच्या एका टोकाला लॅब आहे, दुसऱ्या टोकाला ऑफिस. वाटेत जे येईल त्याला वळसा घालून ऑफिसात कागद पोचवायचे, एवढंच त्याचं काम. प्रकल्पातल्या माझ्या जोडीदाराला सगळे खटपट्या म्हणतात. त्याने रोबोटचं नाव ठोंब्या ठेवलंय.

एप्रिलच्या सुरुवातीला समितीसमोर प्रात्यक्षिक आहे. लॅबमध्ये संशोधनाची एक जागा आहे, दोन वर्षांची, ती त्यावरून ठरणार. खटपट्याला नोकरी करायची आहे, त्याला ती नको. मला हवी आहे. इतकी, की बसमध्ये उभी असताना तिचा विचार आला की बुटातली बोटं आपोआप आवळली जातात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवीच्या पुढे काय असतं ते घरात कोणाला माहीत नाही. मलाही नाही. पण पुढे काहीतरी आहे, आणि ते त्या लॅबच्या दारातून जातं.

१४ जानेवारी

आज लिफ्टपाशी हेडक्लार्क आणि शेजारच्या लॅबमधली मुलगी बोलत उभी होती. ठोंब्या त्यांच्यासमोर थांबला. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग जागच्या जागी गोल फिरायला लागला.

"याला काय हवंय?" हेडक्लार्कनी विचारलं.

"वाट हवीये, सर," खटपट्या म्हणाला.

"मग तोंडाने मागावी ना. आमच्या ऑफिसात सगळे मागतात."

शेवटी मी त्याला उचलून आणला. कॉरिडॉरच्या मधोमध स्प्रिंगचा दरवाजा आहे, तिथेही तेच. दार याच्या तोंडावर बंद होतं आणि हा समजतो की भिंत उगवली. दहा फेऱ्यांत चारदा पोचला. मॅडम म्हणाल्या, "चार म्हणजे चार. पुढे?"

२० जानेवारी

घरी बसून कोड लिहिलं. पुढच्या खोलीतलं टेबल माझं आहे. मी बसले की घर कसं शांत होतं. टीव्ही कधी बंद झाला ते कळलंही नाही. इतर मुली घरी अभ्यास होत नाही म्हणून कुरकुरतात, तेव्हा मला वाटतं, मन लावून बसलं तर कुठेही होतो.

धाकटी बहीण दुकानातून आली. बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. बाबांचा हात हल्ली थरथरतो आणि किल्लीचे दात कापायला हात स्थिर लागतो, म्हणून शाळा संपल्यापासून ती तिथे बसते. तिला आवडतं. आल्या आल्या आईला भिंतीशी उभं केलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला सांगितले.

"आई, तुझा उजवा गेला कामातून. सात कुठे म्हणतेस, तो एक आहे."

"मला कशाला हवेत आकडे? लॉंड्रीत चादरी घड्या घालते मी."

"घड्या वाकड्या येतात म्हणून मालकीण ओरडते ना? ते यामुळे."

गिऱ्हाइकांनाही ती असंच करते म्हणे. चष्म्याच्या काचेतून बघून नंबर सांगते. डोकं आहे तिला, पण ते असल्या खेळात घालवते. मी म्हटलं, एखादा कोर्स तरी कर. म्हणाली, "मला नाही आवडत अभ्यास. तू कर ना, तुला शोभतो." आणि स्वयंपाकघरात जाऊन अंथरूण टाकलं. माझ्या दिव्याचा तिला त्रास होत असावा.

२ फेब्रुवारी

दहात सात!

अडथळ्याभोवती किती अंतर सोडायचं तो आकडा मी कमी केला. म्हणजे ठोंब्या आता थोडा धीट झाला. आधी तो माणसाला खांबाइतकाच घाबरायचा. खटपट्याने चाकांचं रबर बदललं. दोघांनी कँटीनमध्ये कॉफी पिऊन साजरं केलं.

कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना आता त्याचा लळा लागलाय. सफाईवाल्या मावशी त्याला 'साहेब' म्हणतात. "साहेबांची फेरी होऊ दे, मग पुसते." शिपाईकाकांनी स्प्रिंगच्या दाराला विटेचा तुकडा लावून ठेवलाय, वारं खेळतं राहावं म्हणून.

९ फेब्रुवारी

आठ. कधी नऊ.

झोप उडालीये. वाईट अर्थाने नाही. डोळे मिटले की कॉरिडॉरचा नकाशा दिसतो, काळा-पांढरा, आणि त्यात मी एक ठिपका.

१७ फेब्रुवारी

माझ्या जुन्या शाळेने बोलावलं होतं. मुलांना दोन शब्द सांगायला. मी तीन दिवस भाषण लिहीत होते. शेवट असा केला: "परिस्थिती कोणाला अडवत नाही आणि कोणी आपल्याला वाट करून देत नाही. आपली वाट आपण शोधायची." टाळ्या बऱ्याच झाल्या. मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले.

धाकटी मागच्या बाकावर बसली होती. दुकान अर्धा दिवस आईवर सोपवून आली होती, त्यासाठी आईने लॉंड्रीतून सुट्टी घेतली. येताना मी विचारलं, कसं झालं?

"छान. आवाज मागपर्यंत येत होता."

"आणि मुद्दा?"

"मुद्दा पण येत होता," ती म्हणाली आणि बस आली म्हणून पळाली.

१ मार्च

शंभर फेऱ्यांची मोठी चाचणी संपली. शंभरात शहाण्णव. प्रत्येक फेरीचं चित्रीकरण, प्रत्येक फेरीची नोंद. मॅडमनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "हं." त्यांच्या 'हं'साठी लोक वर्षभर थांबतात.

त्या ऑफिसकडे निघाल्या तेव्हा समोरून ठोंब्या येत होता. त्यांनी फाईल छातीशी धरली, भिंतीला पाठ लावली आणि तो जाईपर्यंत उभ्या राहिल्या. इतक्या मोठ्या बाई, पण एका विद्यार्थी-प्रकल्पाला एवढा मान देतात!



१२ मार्च

वाईट दिवस.

समितीने कळवलं की प्रात्यक्षिक आमच्या मजल्यावर नको, ग्रंथालयाच्या इमारतीत करा. रोबोटला जागा कुठली, त्याने काय फरक पडतो. आम्ही तसंच म्हटलं. आज पहिली तालीम. नवा नकाशा काढला, पुस्तकांच्या काउंटरपासून वाचनकक्षापर्यंत मार्ग दिला आणि सोडला.

तो पोचला नाही. एकदाही.

एक मुलगा फोन बघत मधोमध उभा होता. ठोंब्या त्याच्यापुढे थांबला, मुलाने मान वर केली, पुन्हा फोनमध्ये घातली. तिघी मैत्रिणी फोटो काढायला त्याच्याभोवती जमल्या, तेव्हा तो गोल फिरायला लागला. एकाने खुर्ची मागे सरकवली ती थेट त्याच्या अंगावर. ग्रंथपाल म्हणाले, "हे कार्टं कोणाचं आहे?"

खटपट्याने हात वर केला.

१३ मार्च

फरशीचा दोष असणार. ग्रंथालयाची फरशी चकचकीत आहे, चाक घसरत असेल. तिथे काचेची कपाटंही आहेत, किरण काचेतून आरपार जातो.

१५ मार्च

फरशीवर मॅट टाकली. काचांना कागद लावले. दहात दोन.

हात सारखे काहीतरी करत राहतात. आज बसमध्ये पुढच्या बाईच्या पिशवीची निघालेली दोरी मी नकळत बांधून टाकली. तिने वळून पाहिलं. काय सांगणार?

१९ मार्च

समितीला दाखवायला जुन्या चाचणीचं दोन मिनिटांचं चित्रीकरण निवडायचं होतं. सकाळपासून लॅबच्या खिडकीत बसून शंभर फेऱ्या बघत होते. शहाण्णव यशांतून सगळ्यात सुंदर वळसा शोधायचा, जिथे ठोंब्या समोर माणूस बघतो, विचार करतो आणि बाजूने जातो.

सापडेना.

पुन्हा पहिल्यापासून बघितलं, पण या वेळी ठोंब्याकडे बघितलंच नाही. माणसांकडे बघितलं. मावशी पोछा थांबवून बादली ओढून घेतात. हेडक्लार्क लिफ्टपाशी बोलायचे, ते आता जिन्यात उभं राहून बोलतात. काकांची वीट. शेजारच्या लॅबमधली मुलं बाकावर बसल्या बसल्या, बोलणं न थांबवता, पाय वर घेतात. सगळे एकदम, जणू कोणी शिट्टी वाजवली. मॅडम, फाईल छातीशी, पाठ भिंतीला. प्रत्येक वेळी. आणि ठोंब्या? तो सरळ रेषेत चाललाय. मी त्याच्या आतल्या नोंदी काढल्या. शंभर फेऱ्यांत त्याने स्वतः वळसा घातला तो चार वेळा. त्यातला एक कुंडीला.

माझ्या फेब्रुवारीतल्या सगळ्या सुधारणा, ते सगळे आकडे. तो शिकलाच नव्हता. मजला शिकला होता.

२० मार्च

खटपट्याला दाखवलं. तो पाच मिनिटं हसत होता. मग म्हणाला, "म्हणजे पदवी हेडक्लार्कना द्यायला हवी."

"हसतोस काय? आपला आकडा खोटा आहे."

"खोटा कसा? तो शहाण्णव वेळा पोचला का? पोचला. आपण कोणाला सांगितलं होतं का बाजूला व्हायला? नाही. अगं, मोटारही अशीच चालते. लोक बाजूला होतात."

"मग ग्रंथालयात?"

"ग्रंथालयात आपल्या वर्गातली वीस मुलं आणून बसवू. त्यांना सवय आहे. पाय वर घेतील. झालं."

तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच त्यात काही गैर दिसत नव्हतं. मला वाईट वाटलं ते याचं, की क्षणभर मीही त्या वीस जणांची नावं मनात मोजायला लागले होते.

२१ मार्च

मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी चित्रीकरण पाहिलं. स्वतःला भिंतीला टेकलेलं पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे मी रोज करते?"

"हो, मॅडम."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाल्या, "अहवालात एक ओळ घाला. चाचणी परिचित लोकांमध्ये झाली. एवढं पुरेसं आहे. खोटंही नाही. समिती जागेसाठी आकडा बघते. दुसरा आकडा तुम्ही स्वतःहून पुढे केलात, तर मी तुमची बाजू किती घेऊ शकेन, सांगता येत नाही."

"पण मॅडम, तुम्हीच म्हणता, चार म्हणजे चार."

"म्हणते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय करायचंय ते तुम्ही ठरवा. मला विचारून करू नका."

जिन्यात बसून राहिले. हेडक्लार्क तिथेच कोणाशी तरी बोलत होते. मला बघून सरकले.

२४ मार्च

हसू की रडू.

ठरवलं की आमच्याच मजल्यावर पुन्हा चाचणी करायची, पण लोकांनी नेहमीसारखं, म्हणजे रोबोट नसल्यासारखं वागायचं. मोठ्या अक्षरांत कागद छापून भिंतीवर लावला: 'कृपया रोबोटला वाट देऊ नये.' काकांनी वाचला. "का गं पोरी, चिडलीस का त्याच्यावर?" मी समजावलं. वीट काढली.

पहिली फेरी. मावशी जागेवर उभ्या राहिल्या, पण ठोंब्या हातभर अंतरावर आला आणि त्यांचा पाय मागे गेला. "नाही गं जमत! साहेब अंगावर येतायत आणि मी खांबासारखी उभी राहू?"

दुसरी. बाकावरच्या मुलांनी पाय खाली दाबून धरले, अगदी दातओठ खाऊन. एकाचे वर गेलेच. बाकीच्यांनी त्याला बदडलं.

तिसरी. हेडक्लार्क. त्यांनी जाहीर केलं की आज ते हलणार नाहीत. लिफ्टसमोर पाय रोवून उभे राहिले. ठोंब्या थांबला. हेही थांबले. दोघं एकमेकांकडे बघत. आख्खा मजला जमा झाला. ठोंब्या डावीकडे वळला, हेडक्लार्कांचा खांदा आपोआप उजवीकडे झुकला. "सर, खांदा!" खटपट्या ओरडला. खांदा परत आला. ठोंब्या गोल फिरायला लागला. हेडक्लार्कांच्या कपाळावर घाम.

"अहो, हे सोपं नाही," ते म्हणाले. "वीस वर्षं मी लोकांना ताटकळत ठेवलंय, पण ते टेबलामागे बसून."

सांगून होत नाही, हे आज कळलं. बाजूला व्हायची सवय एकदा अंगात गेली की 'होऊ नका' म्हटलं तरी अंग होतंच. 

२७ मार्च

शेवटी दुसऱ्या विभागातली, कधीच ठोंब्या न पाहिलेली माणसं आणून, त्यांना काही न सांगता तीन दिवस फेऱ्या केल्या. शंभरात एकतीस.

एकतीस.

२९ मार्च

दोन तक्ते केलेत. एकात शहाण्णव, एकात एकतीस. सकाळी दुसरा काढून टाकते, दुपारी परत घालते. जेवताना आईने विचारलं, "काय होतंय तुला?" म्हटलं, काही नाही. धाकटीने तिच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात टाकलं आणि पाणी प्यायला उठली.

२ एप्रिल

झालं.

ग्रंथालयात ठोंब्या तीनदा सोडला, एकदा पोचला. वर्गातली मुलं आणली नव्हती. खटपट्याने वाद घातला नाही, फक्त नवा शर्ट घालून आला. म्हणाला, बुडायचंच तर इस्त्री करून.

मग सादरीकरण. आधी शहाण्णव दाखवले, मग चित्रीकरण, माणसांभोवती लाल गोल काढलेलं, मग एकतीस. मॅडमचा गोलही ठेवला. त्या सरळ पडद्याकडे बघत होत्या.

समितीतले एक सर म्हणाले, "म्हणजे रोबोट चालत नाही, असंच ना?"

"अनोळखी लोकांत शंभरात एकतीस वेळा चालतो, सर."

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पहिला आकडा मग दाखवलात कशाला? सरळ दुसराच दाखवायचा."

"कारण जवळजवळ तीन आठवडे मी पहिलाच खरा मानत होते. आणि तो खराही आहे. फक्त तो ठोंब्याचा, म्हणजे रोबोटचा, नाही. तो या लोकांचा आहे."

"आणि जागा मिळाली तर काय कराल?"

हे मी पाठ केलं होतं, पण तोंडात भलतंच आलं. "समोरचा माणूस बाजूला झाला, हे त्याला कळायला हवं. आज त्याला फक्त मोकळी जागा दिसते. कोणीतरी ती मोकळी केली, हे दिसत नाही."

 

५ एप्रिल

मिळाली. पण अर्धी.

"दोन वर्षांचं एक केलंय," मॅडम म्हणाल्या. "वर्षाने काम बघून पुढचं. हा तुमचा एकतीस. कबूल?"

"कबूल, मॅडम."

"आणि तो लाल गोल," त्या म्हणाल्या, "जरा लहान चालला असता."

पळतच घरी आले. बाबांनी दुकान लवकर बंद केलं. आईने ओल्या हातांनीच माझा चेहरा धरला. बाबा शेजारच्यांना सांगत होते, "संशोधन करणार, संशोधन." शेजारी म्हणाले, कशावर? बाबा म्हणाले, "मोठं आहे ते."

आई म्हणाली, "एकच वर्ष ना अजून? वर्ष काय, असं जातं."

हे ती मला म्हणत नव्हती. ती धाकटीकडे बघून म्हणाली. धाकटी पटकन हसली. "जाईल की. किल्ल्या कुठे पळून जातायत?" आणि ताटं घेऊन आत निघाली. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एकच माणूस मावेल एवढी वाट आहे. मी समोरून येत होते. तिने ताटं छातीशी धरली, कपाटाला पाठ लावली आणि मी जाईपर्यंत उभी राहिली.

मी गेले नाही. तिथेच उभी राहिले.

"जा ना," ती म्हणाली. "हात दुखतायत माझे."

६ एप्रिल

शाळेतलं ते भाषण आठवतंय. मागचा बाक आठवतोय. आज दुसरं काही लिहिणार नाही.

८ एप्रिल

दुकानात गेले. बाबा जेवायला घरी होते. धाकटी मशीनवर किल्ली कापत होती.

"तुला डोळे तपासायचं शिकायचं होतं ना?"

"कधी?"

"शाळा संपली तेव्हा."

"तेव्हा होतं." तिने मशीन चालू केलं. पितळेचा कीस उडत होता. बंद झाल्यावर मी म्हटलं, "आणि आता?"

"आता गिऱ्हाईक आहे." खरंच होतं, एक बाई उभी होती. तिची किल्ली देऊन झाली, तिच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे हे सांगून झालं. मग धाकटी माझ्याकडे वळली. "हे बघ ताई, मला कोणी ढकललं नाही. मी स्वतः सरकले."

"तेच तर म्हणतेय मी."

"तेच तर काय? तुझा तो ठोंब्या तुला नीट चालवता येत नाही आणि मला चालवायला निघालीस?"

मी जे ठरवून आले होते ते सांगून टाकलं. सकाळी दुकानात मी बसेन, लॅबला दुपारी जाईन, मॅडमना विचारलंय, त्या म्हणाल्या हजेरी नको, काम हवं.

"मी सांगितलं होतं का विचारायला?"

"नाही."

"तुला किल्ली कापता येते?"

"नाही."

"मग मी सकाळी काय करायचं?"

"मला माहीत नाही."

तिने हातातली किल्ली कानशीवर दोनदा घासली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. "मलाही माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चिडका होता. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. मी सगळं नीट मांडलं होतं, तरी ती का चिडली ते मला अजून कळलेलं नाही.

१५ एप्रिल

आज पहिली सकाळ. बाबा शेजारी स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून. "हळू. दाब देऊ नकोस. मूळ किल्ली नीट बसव आधी." पहिली किल्ली कुलपात गेली, फिरली नाही. दुसरी गेलीच नाही. तिसरी फिरली, पण अर्धीच. एक म्हातारे गृहस्थ दोनदा परत आले. "ती दुसरी मुलगी कुठंय?"

"नाहीये आता. सकाळी मीच असेन."

"अरेरे," ते म्हणाले. अगदी मनापासून.

धाकटी आमच्या आधीच निघाली होती. बाहेरचे बूट घालून. आईने विचारलं कुठे, तर म्हणाली, "बघते." एवढंच. मी दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होते. तीन वेळा वाटलं, फोन करावा. कोर्सच्या चौकशीला गेली असेल का? का नुसतीच कुठे बसली असेल? ही दिलेली सकाळ ती वाया तर घालवत नसेल? मग वाटलं, घालवू दे, तिची आहे. मग पुन्हा वाटलं, फोन करावा. माझ्याने काही केल्या स्वस्थ बसवेना.

उन्हं वर आल्यावर ती आली. चेहरा उन्हाने लाल, बुटांवर धूळ. कुठे गेली होती ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. तिने माझ्या अंगावरचा ॲप्रन सोडून घेतला, मी कापलेल्या किल्ल्या एकेक करून डोळ्यांजवळ धरल्या, दोन भंगाराच्या डब्यात टाकल्या. तिसरी टाकता टाकता थांबली आणि कानस घेऊन दुरुस्त करायला बसली.

मी लॅबला जायला पायऱ्या उतरले.

"उद्या येणारेस ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

"मग मी जरा लवकर निघेन," ती म्हणाली.